आभाळातल्या जहाजाची सुडी

मंगळवार, ४ फेब्रुवारी. नांदेड.
नळाला पाणी नाही. गुडघा कालच्यासारखाच. मी सांगते, नात मयूरी लिहिते. स्वतःचं नाव नुसतं 'म.' लिहिणार म्हणाली. माझं 'हाय' बदलून 'आहे' करते. वाचता येत नसलं तरी तिचा हात थांबला की मला कळतं. करू दे.
म. आभाळात, पार चंद्राच्या पलीकडे लढणारी जहाजं काढते. खरी नाहीत, कॉम्प्युटरच्या खेळातली. पुण्याच्या एका खेळवाल्या कंपनीनं परीक्षा घातली आहे: लढाईचं एक जहाज काढा, आणि आकार तसाच का, ते पानभर लिहा. जमलं तर नोकरी. नाही तर तिच्या बापानं, माझ्या बाबूनं, लातूरला तलाठ्याच्या परीक्षेचा क्लास आणि खोली बघून ठेवली आहे. दोन्हीतल्या कशाचंही नाव काढलं की पोरगी नखं खाते.

गुरुवार, ६
जहाज दाखवलं. नवरदेवाच्या घोड्यासारखं सजवलेलं. खाली पोट, वर काचेची खोली, तिच्यात कप्तान.
"तिथं खाली पाणी हाय का?"
"नाही, आजी."
"मग पोट कशाला?"
नख तोंडात गेलं.
"वर-खाली तरी हाय का?"
"तेही नाही."
"मग कप्तान वरी काचंत कशाला बसलाय? लगीन हाय का त्याचं?"
"भारी दिसतं म्हणून."
ज्वारीच्या शेतातल्या उंच माचव्यावर बसून मी गोफण फिरवलेली आहे. माचव्यावरचं माणूस शिवारात सगळ्यांच्या आधी दिसतं. पाखरं राखायला ते ठीक. पाखरं उलटा दगड मारत नाहीत.
चित्र पुसलं. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. लिहायला मात्र बसली.

रविवार, ९
बोलली. नवं जहाज लांबट, पहारीसारखं. टोक दुश्मनाकडे धरायचं, म्हणजे त्याला टोकच दिसतं, नेम धरायला जागा राहत नाही. तोफा पायरी-पायरीनं चढत मागं गेलेल्या. का? तर मागचीनं पुढचीच्या डोक्यावरून मारावं. लग्नातल्या फोटोसारखं. उंच माणसं मागं, म्हणजे सगळ्यांची तोंडं येतात.
"अन् मागून आला तर?"
"वळायचं."
"एवढं लांबडं? बोळात बैलगाडी वळवून बघ एकदा."
थोडं आखूड केलं.
भिंती उतरत्या घेतल्या, ते माझं. कडब्याच्या गंजीचा माथा उतरता ठेवतात, पाणी थांबत नाही. गोळाही घसरून जाईल.
मग म्हणाली, माणसं कुठं ठेवू? तिला सुडी सांगितली. उमरीच्या शेतात ज्वारी काढली की पेंढ्यांची गोल सुडी रचायचो. कणसं आत, बुडखे बाहेर. ढोरानं तोंड घातलं तर बुडखाच लागतो. पाखराला दाणा दिसत नाही. तशी माणसं मधोमध ठेव, त्यांच्याभोवती पाण्याच्या टाक्या, सामानसुमान. खिडकी एक नको. कप्तानही आतच.
"त्याला दिसणार कसं?"
"ते तू बघ. सगळं म्याच सांगू का?"
कॅमेरे लावले.

सोमवार, १०
पाठवलं. बाबूला म्हणलं, तुझ्या आईचं जहाज पुण्याला गेलं. तो म्हणाला, "माय, तू तरी तिला शहाणपण शिकव." म्हणलं, तेच करून राहिले.

शुक्रवार, १४
उत्तर आलं. म. नं वाचून दाखवलं नाही. सून सुनंदानं वाचलं. आकाराचा विचार चांगला आहे, पण यंत्रांची गरमी बाहेर कुठून जाणार? आतली माणसं भाजून निघतील. मंगळवारपर्यंत सुधारून पाठवा, नाही तर राहू द्या.
बाबूनं लातूरच्या खोलीवाल्याला फोन लावला. सुनंदानं दारामागं बॅग आणून ठेवली.
म. म्हणते, "तुमची सुडी, आजी."
लिही, जे सांगते ते लिही. खोडू नको.
एक साल तुझे आजोबा बहिणीकडे रेणापूरला गेले होते. आभाळ भरून आलं. मी एकटीनं घाई केली, ओल्याच पेंढ्या रचल्या. गच्च रचल्या, रचणारी म्हणून माझं नाव होतं ना. पाचव्या दिवशी आत हात घातला. चुलीत घातल्यासारखा. वाफ निघाली. आतलं कणीस सगळं काळं. आजोबांना सांगितलं, बुडातून पाणी शिरलं. ते गेले, तरी खरं सांगितलं नाही.
सुडीत मधे हवेला वाट ठेवायची असते. तुला कणसं आत सांगितली, वाट सांगितली नाही. विसरले नव्हते.
म. चा हात थांबला. मग म्हणाली, "त्या काळ्या ज्वारीचं काय केलंत?" म्हणलं, कोंबड्यांना. हसली एकदाची.

रविवार, १६
वाट ठेवून भागत नाही. तिथं वाराच नाही, म्हणते. मग मी तिला तव्यापाशी नेलं. तव्याला हात लागत नाही, तरी गालाला झळ लागते. तशी झळ सोडायला रुंद पाती पाहिजेत, म्हणाली, जहाजाच्या अंगाला पंखांसारखी. पण रुंद पातं म्हणजे दुश्मनाला आयतं निशाण.
मी सूप आणायला लावलं. वाऱ्यात सूप आडवं धरलं की हातातून जातं. धार वाऱ्याकडे केली की सरळ चालता येतं. म. नं सूप नाकासमोर धरलं, एक डोळा मिटला. समोरून नुसती काडी.
पाती टोकाच्या रेषेत बसवली. टोक दुश्मनाकडे, पात्यांची धारही त्याच्याकडेच. झळ बाजूंनी जाते.
सुनंदा म्हणाली, "आत्याबाई, सूप द्या, तांदूळ पाखडायचे राहिलेत."

मंगळवार, १८
पाठवलं. पानावर काळी सुडीपण लिहिली म्हणे. माझं नाव नको म्हणलं होतं. 'आजी' लिहिलं. चालतंय.

शुक्रवार, २१
सोमवारी पुण्याला बोलावलं. नोकरी दिली नाही, समोर बसून विचारणार. एक प्रश्न आधीच कळवला: दुश्मन दोन बाजूंनी आले तर धार कोणाकडे करणार?
बाबू दोनदा अंगणात जाऊन आला. मग खोलीवाल्याला म्हणाला, मंगळवारपर्यंत थांबा.

सोमवार, २४
आज सुनंदा लिहून राहिली. म. काल रेल्वेनं गेली. ही माझं 'हाय' तसंच ठेवते, पण सुनेबद्दल काही सांगितलं की पेन चालत न्हाई म्हणते.
सकाळी म. चा फोन. आत जायच्या आधी.
"आजी, दोन बाजूंचं काय सांगू?"
म्हणलं, पाती मिटून घे. गरमी आत सोस. तेवढ्यात एकाला आडवा कर, मग उघड.
"किती वेळ सोसायची?"
म्हणलं, माझी सुडी पाचव्या दिवशी काळी झालती. चौथ्या दिवशी कशी होती, ते म्या हात घालून बघितलंच न्हाई. तुझं तू मोज.
"बोलावलं, जाते," म्हणाली.
चार वाजले. फोन न्हाई. बाबू आज दुकानातून लवकर आला, कशाला ते सांगत न्हाई. लातूरची बॅग दारामागंच हाय. सुनंदानं भरली न्हाई अन् माळ्यावर टाकली बी न्हाई. येता-जाता पायात येत होती. म्या सुपासारखी तिची धार आमच्याकडं करून ठेवली.