भिंगरीचा बिल्ला

ता. ९, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला तर रडेन, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. दाजींना दाखवू नकोस.

इथे गुहेच्या तोंडाशी फळा आहे. आत जाताना आपला बिल्ला टांगायचा, बाहेर आल्यावर काढायचा. काल आत भिंगरीशी भांडलो. तीच, मोजणीवाली, जिच्यामागे कॉलेज सोडून या परदेशातल्या चुनखडीच्या डोंगरात आलो. म्हणाली, मी गुहा मोजायला आलेय, तुला सांभाळायला नाही. माझं डोकं सटकलं. तिला तिथेच टाकून बाहेर आलो आणि रागात दोघांचे बिल्ले ओढून खिशात कोंबले. टांगलेही मीच होते, एकाच खिळ्याला.

फळा रिकामा बघून मास्तरांनी, आमच्या गटप्रमुखांनी, दोर वर घेतले. मुलींचा मुक्काम वेगळ्या घरात. त्यांना वाटलं ती आमच्याकडे, आम्हाला वाटलं त्यांच्याकडे. रात्रभर पाऊस. आता सगळे तिला डोंगरावर शोधताहेत, कारण फळ्याप्रमाणे ती बाहेर आलीय. आणि माझं तोंड उघडत नाही गं. काय करू?

तुझा भाऊ

ता. ९, तासाभराने

चि. भावास,
अ. उ. आ.

गाढवा, वाचणं इथेच थांबव. मास्तरांकडे धाव, सगळं सांग. मग पुढचं वाच.

सांगितलंस? नसशील तर वरची ओळ पुन्हा वाच. ती आत कुठे होती हे फक्त तुला माहीत आहे. मारतील, मार खा. कॉलेज टाकलंस तेव्हा आईसमोर तुझी बाजू घेतली. आज घेणार नाही.

लगेच कळव, जीव थाऱ्यावर नाही.

तुझी ताई

ता. १०, दुपार

ती. ताईस,
सा. न.

सांगितलं. मास्तर दोर उचलून पळत सुटले. तिच्या मैत्रिणीने कानफटात दिली. बरं वाटलं.

खालची वाट पाण्याने भरलीय. आज एक पाणबुड्या बुडी मारून पलीकडे पोचला. जिवंत आहे गं! उंच कपारीत बसलीय, पाय मोडलाय, अंगात ताप. पाणी उतरेपर्यंत आणता येत नाही, आणि पाऊस थांबत नाही.

पाणबुड्या सांगत होता, तिने पहिल्यांदा माझंच विचारलं. मी चिडून चुकीच्या फाट्यात शिरलो असं वाटून ती हाका मारत माझ्यामागे त्यात गेली, तिथेच घसरली. मी सुखरूप आहे कळल्यावर कुठे ती घोटभर पाणी प्यायली.

बिल्ल्याचं तिला कुणी सांगितलेलं नाही. मास्तर म्हणाले, ती बाहेर आली की तूच सांगायचंस.

ताई, सांगायला मिळू दे. मग तिने तोंड नाही बघितलं तरी चालेल.

तू मात्र लोभ सोडू नकोस.

तुझा भाऊ