बोडणातला हात

भिंगार,
गुरुवार, १२ ऑगस्ट १९७१

ती. सौ. वन्संना द्वारकाचा वाकून नमस्कार.

देवीच्या कृपेने इकडे सगळे ठीक. अकोल्याच्या पावसात तुमचा गुडघा जास्तच ठणकत असणार. माधव बरा आहे, पाढे म्हणताना अजून अडखळतो. तुम्ही पाठवलेला आंबेमोहोर मी राखून ठेवला होता, तो परवाच्या नैवेद्याला काढला.

परवा मंगळवारी बोडण झालं. वन्संना गुडघ्यामुळे येता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुमच्या जागी शेजारच्या सुचित्राबाई सवाष्ण म्हणून बसल्या. गूळ हात राखून घातला होता, तरी पुरण चांगलं जमलं.

कुमारिका आपली निलूच होती.

तुमचं पत्र वेळेवर मिळालं होतं. "पोरीच्या हातावर कोड उठलंय, तो हात देवीच्या परातीत नको. दुसरी मुलगी बघ, नाहीतर मी येत नाही." वाचलं आणि घडी करून ठेवलं. निलूला दाखवलं नाही. पण तुम्ही लिहिलंत तसं लांब बाह्यांचं पोलकं मात्र शिवलं, ह्यांच्या जुन्या सदऱ्याचं.

तिला नगरला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, ते तुम्हाला कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, कळवलं नाही. माझ्या पोटात महारोगाची धास्ती होती. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि डागावरून कापसाचं टोक फिरवलं. निलू लगेच म्हणाली, "गुदगुल्या होतायत." ते हसले. महारोगाच्या चट्ट्याला बहुधा स्पर्श कळत नाही, हिला कळतो, म्हणाले. हे नुसतं कोड. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या तेवढ्या जागी नाहीशा झाल्या. हे शिवून कोणाला लागत नाही आणि कोणाच्या पापाने येत नाही. डाग वाढेल की थांबेल ते मात्र त्यांनाही सांगता येईना. बावचीचं औषध दिलंय, ते लावून सकाळचं ऊन घ्यायचं, तेही बेताने, नाहीतर फोड येतात.

घरी आल्यावर निलूने शास्त्राचं पुस्तक उघडून मला समोर बसवलं. हा वरचा थर, हा खालचा, ही घामाची ग्रंथी, हे केसाचं मूळ. "आई, माझ्या डागाला घाम येतो, चटका कळतो, खरचटलं तर खपली धरते. फक्त रंगाचं खातं बंद झालंय." मी हिशेब लिहिताना पुटपुटते, ते कान देऊन ऐकते मेली.

तर बोडण. परातीत अन्नपूर्णा ठेवली, पुरण, दूध, दही, तूप, मध पडलं. बाही भिजायला नको म्हणून निलूने ती कोपरापर्यंत वर सारली. मनगटावरचा डाग, बेलाच्या पानाएवढा, समईच्या उजेडात सगळ्यांना दिसला. मी बाही खाली ओढली नाही. तिने हात घातला, तसा सुचित्राबाईंनी आपला काढला आणि पदराला पुसला. आम्ही बाकीच्या कालवत राहिलो.

रीतीप्रमाणे मी विचारलं, "बाय, झालं का मनासारखं?"

"नाही."

पुन्हा कालवलं, पुन्हा विचारलं.

"नाही. सुचित्राकाकूंचा हात कुठाय?"

आवाज चढवला नाही, मानही खाली घातली नाही. कुमारिकेने हो म्हटल्याशिवाय बोडण संपत नाही, हे काय सुचित्राबाईंना ठाऊक नाही? पुरुषांना आत यायची बंदी, त्यामुळे बाहेर हे भुकेने खोकून खोकून दमले. शेवटी सुचित्राबाई म्हणाल्या, "हट्टी आहे हो तुमची देवी," आणि हात घातला. निलूने त्याच डागाच्या हाताने त्यांच्या बोटांवर दूध सोडलं. मग म्हणाली, "झालं."

वन्सं, दरवर्षी मी देवीकडे काही ना काही मागते. यंदा मागायचं सुचलंच नाही, नुसती पोरीकडे बघत बसले.

बोडण गाईला घालायचं म्हणून छबूबाई गवळण गाय घेऊन दारात आली. निलूचा हात बघून म्हणते, "आवं, माज्या गाईच्या अंगावर बी हाय की पांढरं. दूध लई ग्वाड देती." निलू पोट धरून हसली. लांब बाह्या मी काल उसवल्या. त्यात माधवचे दोन हातरुमाल झाले.

अंतर्देशीयाची जागा संपत आली. माघात माधवची मुंज करायची आहे, तेव्हा बोडण पुन्हा भरायचं. तुमच्या भावाच्या घरात पहिला पाट तुमचा, तो मी दुसरीला देणार नाही. कुमारिका निलू. मी विचारीन, "बाय, झालं का मनासारखं?" आणि तिने हो म्हटल्याशिवाय तुम्हालाही उठता यायचं नाही. तेव्हा गुडघ्याला आतापासून तेल चोळत राहा.

नीलांबरीची आई,
द्वारका