आत्याची नवी कवळी

३० नोव्हेंबर, रविवार

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू. चर्चमध्ये पहिली, आशेची मेणबत्ती पेटता पेटेना! पाळकसाहेब काडीमागून काडी ओढतायत आणि मागे भलाथोरला फलक — ‘आशा कधी विझत नाही’. मला हसू आवरेना. नवऱ्याने कोपर मारलं. फलक त्यानेच रंगवलाय. यंदा चर्चच्या समितीचा अध्यक्ष ना! घरचा नळ महिनाभर गळतोय, तिकडे बघायला मात्र सवड नाही.

समितीचं फर्मान: प्रत्येकाने एका निराश माणसाकडे आशा पोचवायची. जशी काही दुधाची पिशवी! माझ्या वाट्याला नवऱ्याची आत्या. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, अजूनही दार वाजलं की आतून ‘हॅलो’ म्हणते. पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले, नाताळ बघितला तर पुष्कळ झालं.

२ डिसेंबर

गेले. माझ्या आधीच रांग! गायनमंडळ पलंगाला वेढा घालून उभं. असं गात होतं की धडधाकट माणसानेही डोळे मिटावेत. एकीने प्लास्टिकची फुलं दिली. वर म्हणते, ‘ही सुकत नाहीत हो.’

आत्या म्हणाली, ‘बरं झालं. सुकायला मी आहेच.’

सगळ्या जणींनी गाण्याची पुस्तकं मिटली. त्या गेल्यावर मला म्हणाली, ‘तू दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतेस ना? मला एक कर. जुनी तोंडात ठरत नाही, पेल्यातच पडलेली असते.’

‘आत्या, आता कशाला उगीच त्रास?’

‘मग पुनरुत्थानाच्या दिवशी बोळकं घेऊन उठू काय गं?’

४ डिसेंबर

आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आत्याच्या घरी येऊन माप घेऊन गेल्या. दाराबाहेर मला कुजबुजल्या, ‘साधेच दात लाव. टिकाऊ घेऊन काय करायचंय?’

आतून आवाज — ‘टिकाऊच लावा!’ कान अजून एक्स्चेंजमधलेच.

७ डिसेंबर, रविवार

शांतीची मेणबत्ती. पुढच्या रांगेत कोण उभं राहणार यावरून गायनमंडळात कडाक्याचं भांडण.

१० डिसेंबर

कवळी पक्की करण्याआधी मेणावर दात लावून दाखवायला नेले. आत्याने आरसा धरला. ‘टूथपेस्टच्या जाहिरातीतले वाटतात. माझ्या वयाचे आण!’ रंग बदलणार.

तेवढ्यात पाळकसाहेब आले. आवाज मखमली. ‘आत्या, आता तयारी करायला हवी.’

‘चाललीय की! माप देऊन झालं.’

ते गोरेमोरे. मग खुर्ची ओढून बसले आणि एकदम साध्या आवाजात विचारलं, ‘भीती नाही वाटत तुम्हाला?’

‘वाटते तर! पण लाइन लागत नसली तरी मी माणसांना सांगायचे — फोन ठेवू नका. पलीकडे कुणी नाही असं नसतं, लागायला वेळ लागतो. ते कामच होतं माझं. आता स्वतःला सांगते.’

पाळकसाहेबांनी खिशातून पेन काढलं. झाली रविवारच्या प्रवचनाची सोय!

मला मात्र टोमणा सुचला नाही. घरी येईपर्यंत नाही. लक्षण काही बरं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

फोनचा दृष्टान्त. मंडळी हेलावली, रुमाल निघाले. आत्याचा उल्लेखसुद्धा नाही! मी जोरात खोकले. दोनदा.

१८ डिसेंबर

कवळी बसवली. चपखल! हिरडीला कुठे टोचत नाही. पावाची करकरीत कड मागितली आणि चावली — डोळे मिटून, सावकाश. दोनच घास गेले. पण काय तो चेहरा!

मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू आशा पोचवायला आली होतीस ना? तोंड का असं?’

‘माझ्याकडचा साठा संपलाय, आत्या.’

‘मग इथून घेऊन जा. मला इतकी कुठे लागणार आता?’

तिने हात धरून ठेवला, मीही सोडवला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी आत्या गेली. घरी येणारी नर्स कवळी काढायला वाकली. मी जवळजवळ ओरडलेच — ‘राहू द्या!’

२२ डिसेंबर

माती दिली. पाळकसाहेबांनी कागद उघडला, पुन्हा घडी घालून ठेवला, म्हणाले, ‘यांना आशा शिकवायला गेलो होतो. मीच शिकून आलो.’ आणि रडले. पहिल्यांदाच मला माणूस वाटले. मीही रडले. माझ्यासारख्या तिरकस बाईचं रडणं फार विचित्र दिसतं — लोक आधी हसू समजतात.

२४ डिसेंबर

नवऱ्याला सांगितलं. दिवस गेलेत, तिसरा महिना सरलाय. आधीची दोन्ही त्याच्या आतच गेली, म्हणून या वेळी कुणाजवळ बोलले नव्हते. या वहीजवळही नाही. लॅबमध्ये मला न्यायला आला होता, ऐकलं आणि मटकन बसला — नेमका ओल्या प्लास्टरच्या ट्रेवर! साचा सुरेख उठलाय. मोडवत नाही.