राहू द्या तुमच्याकडंच

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

पोचले बाई एकदाची! सकाळी राजुरीहून निघाले ते आळेफाटा, नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत करत दुपारी डिंभ्याच्या धरणावर. तिथून संपतची जीप. संपत इथलाच, बोलका. वाटेत त्यानं मला सगळ्या वाड्यांची नावं सांगितली आणि मी त्याला माझी अख्खी कुंडली. बंगला टेकाडावर, खाली पाणी, पलीकडं भाताची कापणी चाललेली. खोली ऐसपैस, आणि सकाळी उठून कुणाचा डबा भरायचा नाही. महाराणीच झाले म्हणा ना!

मालकीणबाई म्हणजे मोहिनीबाई. हे नाव निर्मात्यानं ठेवलेलं. खरं नाव त्यांनी सांगितलं, माझ्या तोंडात बसलं नाही. ताश्कंदहून बाविसाव्या वर्षी एका सिनेमात नाचायला आल्या आणि इथंच राहिल्या. आता सत्तरी ओलांडली, पण पाठ अजून ताठ. चाळीसेक हिंदी सिनेमे केले. कधी परदेशी हेर, कधी खलनायकाच्या पार्टीतली गोरी बाई. आणि प्रत्येक सिनेमात त्यांच्या तोंडून बोलली दुसरीच कुणीतरी. एकदा अप्सरा झाल्या तेव्हा तिघींनी मिळून आवाज दिला होता. एक बोलायला, एक गायला आणि एक नुसती हसायला! मी खो खो हसले. त्या हसल्या नाहीत.

आता पन्नास वर्षांनी पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलायचंय. मराठी सिनेमा आहे, राजुरीकडच्या म्हातारीचं काम. दिग्दर्शकानं बजावलंय, बोलणं अस्सल हवं, नाहीतर काम दुसरीला. म्हणून शाळेतून रजा काढून मी इथं. लग्नाची सूत्रसंचालनं म्हणा, शाळेचं गॅदरिंग म्हणा, बोलण्यात अंजनाचा हात कुणी धरणार नाही हे आमच्या गावात माझे दुश्मनसुद्धा कबूल करतील.

घरात कामाला सावळेराम आहेत. डोंगरातल्या वाडीतले, साठीचे, आणि मुके. हरकत नाही. दोघांचं मिळून मीच बोलेन.

आरोहीला आईकडं ठेवलंय. नऊ वर्षांची झाली तरी सवय मोडत नाही. ती सातव्या महिन्यातच आली, एवढीशी, रश्श्यातल्या शेंगोळीसारखी वळलेली. तेव्हापासून ती माझी शेंगोळी. दुसऱ्या कुणी म्हटलेलं तिला खपत नाही. आणि संध्याकाळी मी 'शेंगोळी, ताट घे' म्हटल्याशिवाय घास तोंडात घालत नाही, हट्टी मेली. इथं रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथून फोन केला, म्हटलं, आणि ती जेवली.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

शिकवणी जोरात. पण बाईंचा एक हट्ट, शिकायचं ते दिवेलागणीलाच. दिवसभर आरशापुढं ओठ हलवत बसतात. सांज झाली की वस्तूकडं बोट दाखवून विचारतात, हे काय? मी सांगते. त्या शब्द तोंडात घोळवतात, अगदी माझ्यासारखा म्हणतात आणि मग अदबीनं विचारतात, परत देऊ?

पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. म्हटलं, बाई, शब्द कुणी परत देतं का? आमच्यात शेजारीण वाटीभर काही परत द्यायला आली तर आम्ही म्हणतो, राहू द्या तुमच्याकडंच. त्यांना हे फार आवडलं. म्हणाल्या, इथल्या भाषेतलं कानावर पडलेलं पहिलं बोलणं हेच. निर्माते माणसांना म्हणाले होते, हिचा आवाज राहू दे, चेहरा पुरे. ऐकून मला कसंसंच झालं. बिचारी.

तर आता रोज तोच खेळ. आज दार, उंबरा, तवा आणि राजुरी. त्यांनी 'राजुरी' असं काही म्हटलं की वाटलं पारावरूनच कुणी हाक मारली. परत देऊ? राहू द्या हो, माझ्याकडं काय कमी आहेत!

आईला फोनवर सांगितलं तर ती कुरकुरली. दिवेलागणीला मीठ-विरजण घराबाहेर देत न्हाईत, तुला ठाव न्हाई का? म्हटलं, आई, मीठ नाही गं, शब्द देतेय. तर म्हणते, शब्द देनं लई जोखमीचं, बया.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज माझीच फजिती. वारं सुटलं म्हणून सावळेरामांना सांगायला गेले, ते लावून घ्या. काय लावून घ्या? शब्दच येईना! आत-बाहेर जायचं ते, कडी असते ते. शेवटी स्वतःच उठून लावलं. मग रजेच्या अर्जावर पत्ता लिहायला बसले तर गावाचं नाव आठवेना. माझं गाव! जन्म गेला तिथं! दगदग झाली असणार. आईला विचारावं तर ती म्हणणार, वेड लागलं का.

बाईंची प्रगती मात्र बघण्यासारखी. व्हतं, न्हाई, लई, सगळं जागच्या जागी. 'अगं'च्या आधी मी जीभ टाळ्याला लावून 'च्' करते, तेही उचललं. सिनेमात एसटीचा प्रसंग आहे, म्हणून आज सगळी वाट घोकून घेतली: घोडेगाव, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. म्हातारी तिकीट घेत नाही म्हणून 'नको'सुद्धा शिकवलं. शिवाय म्हातारीला माझंच नाव द्यायचं ठरतंय म्हणे! मी काय, हुरळूनच गेले. बाईंनी अंजना म्हणून पाहिलं. परत देऊ? राहू द्या, राहू द्या!

एक गोष्ट खटकली. शिकवणी सुरू झाली की सावळेराम आत भांडी आपटतात. आज तर त्यांनी येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. मी खवळले, वाट्टेल ते बोलले. ते भिंतीला टेकून रडायला लागले. एवढा बाप्या माणूस, आवाज न करता रडताना बघवेना.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सावळेरामांच्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर एका जुन्या पेपरातलं कात्रण चिकटवलेलं दिसलं. बैलगाडा शर्यतीचा घाट, गर्दी, गुलाल, आणि मंडपात हातात माईक घेतलेले हेच! खाली छापलंय: घाटाचा आवाज.

जीप घेऊन संपत आला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, मुका? आवो ताई, त्याच्यावानी निवेदक पंचक्रोशीत नव्हता. त्यानं भिर्रर्र केलं की बैल बावरायचं. बाईंकडं कामाला लागला, त्यांना शेतीतलं, रानातलं बोलणं शिकवायचा. तीन वर्सात पार बंद पडला. डाक्टर म्हणले घशात काय बी न्हाई.

सांजेला बाई आपल्या खोलीत एकट्याच होत्या. आतून आवाज आला, भिर्रर्र! जाडा, खणखणीत, पुरुषाचा. परसात सावळेरामांच्या हातातली कळशी पडली.

मी ही वही उघडली. सात तारखेच्या पानावर चार शब्दांची अक्षरं दिसतात, ती जुळत नाहीत. काना, मात्रा, सगळं दिसतं, पण वाचता येत नाही. बारा तारखेला तर ओळीच्या ओळी तशा. ज्याला ज्याला मी 'राहू द्या' म्हटलं ते ते गेलंय. शपथ, मी वेडी नाही. मला भीती वाटतेय.

रविवार, १७ नोव्हेंबर

बाईंना सरळ विचारलं. माझे शब्द द्या म्हटलं. त्या चिडल्या नाहीत, ओशाळल्या. म्हणाल्या, मी रोज इचारत व्हते ना गं, परत देऊ का म्हणून? तूच राहू द्या म्हणलीस. एकदा राहिलं की राहिलं. मी बी माझं मागितलं व्हतं मुंबईत, कुणी दिलं न्हाई.

हे सगळं माझ्याच आवाजात. माझ्या तोंडासमोर. माझ्या अंगावर काटा आला आणि तिची कीवही आली. पन्नास वर्षं जिला कुणी बोलू दिलं नाही ती आता थांबणार कशी?

ठरवलं, यापुढं दिवेलागणीला तोंड उघडायचं नाही. आणि सांज झाली तशी बाई आल्या, माझी शाल हातात. काल मागून नेली होती. परत देऊ? आणि माझी जीभ, ही मेली सवयीची जीभ! म्हणाली, राहू द्या हो तुमच्याकडंच.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पळाले. परत आले.

फोन चार्जिंगला लावलेला होता, बाई शेजारीच. तो तसाच टाकला. संपत नव्हता. चालत खाली उतरले, मिळेल त्या गाडीनं तालुक्याच्या स्टँडवर. कंडक्टर म्हणाला, कुठं? मी तोंड उघडलं — काहीच नाही. आईचं गाव म्हटलं. तो हसला, गावाला नाव आसंल की. वाटेतलं एकही गाव आठवेना. बोर्डवरची अक्षरं नुसती अक्षरं. तुमचं नाव काय, बाई? तेही —

थंडीनं कापत होते, खांद्यावर घ्यायला ती नव्हती, ती — उबेची, विणलेली —

एक म्हातारी म्हणाली, डोकं फिरल्यालं दिसतंय बिचारीचं, बंगल्यावरली हाय, जीपमधी बगितली व्हती. मी मान हलवत राहिले. हात हलवत राहिले. लोक चांगले. चहा पाजला. आणि प्रेमानं इथं आणून सोडलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

संपतनं अंगणातून हाक मारली. कुणाचं तरी नाव घेतलं. बाई 'ओ!' म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. तो त्यांच्याशी हसून बोलला. माझ्याकडं बघितलं, मान वळवली.

ती हाक मला होती. वाटतं.

फोन आता त्यांच्याकडंच. रोज सांजेला खिडकीत उभ्या राहून माझ्या मुलीशी बोलतात. अभ्यास केलास का, आजीला छळू नगंस. 'अगं'च्या आधी 'च्'. पोरीला काही कळत नाही. मी ओरडते तर घशातून — नुसती हवा. तुटके शब्द. सावळेराम माझा हात धरून बसतात.

रविवार, २४ नोव्हेंबर

एक शब्द मी ठेवलाय. त्यांना दिलेला नाही. देणार नाही. रोज वहीत एकदा लिहायचा, तोंडानं म्हणायचा नाही. शेंगोळी.

तोच त्यांना हवाय. फोनवर माझी आई रडत होती, स्पीकरवर ऐकलं. पोर पाच दिस सांजची जेवली न्हाई गं. म्हणती, आई मला हाक मारीत न्हाई, ताट घे म्हणत न्हाई. तू अशी कशी झालीस?

बाई माझ्यापुढं बसल्या. डोळ्यांत पाणी, खरंखुरं. पोर उपाशी हाय, सांग ना, काय म्हणतीस तिला?

ओठ चावले. रक्त आलं. माझं लेकरू उपाशी — आणि मी —

सांगितलं नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सांज. फोन स्पीकरवर. बाईंनी मला विचारलंच नाही. तिलाच विचारलं. लाडानं. माझ्या लाडानं. मी तुला काय म्हणते गं, बाळा? सांग बघू.

ती हसली. विसरलीस व्हय? आणि सांगितलं.

बाईंनी म्हटलं. एकदाच. तंतोतंत. मग — परत देऊ?

मी धावले. फोनपाशी. पोरीला अडवायचा तो शब्द, दोन अक्षरांचा, कुणी जास्त वाढायला लागलं की म्हणतो तो — तो नव्हता. तोंडात नव्हता. मी फोनवर हात आपटले —

आणि माझी गुणाची पोर, आजीच्या वळणाची, अदबीनं म्हणाली, राहू दे तुझ्याकडंच.

ताटाचा आवाज आला. जेवायला लागली.

बाई म्हणाल्या, उद्या येते हं मी, घरी. ती आनंदानं किंचाळली.

जीप सांगितलीय. माझी साडी नेसून बघतायत. सावळेरामांनी दिवा आणून ठेवला. लिहायला हवं, असेल तेवढं. ती कुळथाच्या पिठाची असते. हातावर वळायची, रश्श्यात सोडायची. आई थंडीत करते. ती सातव्या महिन्यात आली, एवढीशी, तशीच वळलेली, म्हणून मी तिला