आठ जीबीच्या दोन पट्ट्या

प्रिय गुंजन,

लॅपटॉपच्या रॅमचं काय झालं, असं तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी "झालं, झालं" म्हणून फोन तुझ्या आईच्या हातात दिला. तुला ते लागलं असणार. कंटाळा नव्हता बेटा. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय. ज्या माणसानं माइकशिवाय पवनीचा बाजार थांबवला, त्याला आता शेजारच्या खोलीतून पाणी मागायचं तर ताटावर चमचा वाजवावा लागतो. म्हणून लिहायला बसलो. हात अजून ऐकतो माझं.

आईनं तुला घशाला सूज आहे एवढंच सांगितलं. तिला तसं सांगायला मीच लावलं होतं. सूज नाही, गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागेल, असं नागपूरचे डॉक्टर म्हणतात. दिवाळीच्या आधी. जीव राहील, आवाज राहणार नाही. हे वाचून लगेच फोन करू नकोस. आधी पत्र पूर्ण वाच, कारण फोनवर मी यातलं काहीच धड सांगू शकणार नाही.

आपल्या वसाहतीतली रुपा आता पवनीला कॉम्प्युटर शिकवते. तिला कळल्यावर ती धावत आली. म्हणाली, "काका, तुमची इतकी भाषणं रेकॉर्ड हायेत, ती कॉम्प्युटरले ऐकवू. मंग तुम्ही टाइप कराल अन् तो तुमच्याच आवाजात बोलून दाखवंल." मोतीलाल म्हणजे आपल्या धरणग्रस्तांच्या समितीचा खजिनदार, धरणाच्या पाण्यात मासेमारी करणारा माझा जुना सोबती. त्यानं सगळ्या कॅसेटी जपून ठेवल्या आहेत, त्या रुपानं कॉम्प्युटरच्या फायलींत उतरवून घेतल्या. तुझा कॉलेजातला लॅपटॉप आम्ही कपाटातून काढला. एक भाषण उघडलं की तो जागीच थिजायचा. रुपानं पाहून सांगितलं की याच्यात चारच जीबी रॅम आहे, या कामाला सोळा तरी लागेल.

मग आमच्या हातून जे झालं ते फक्त आमच्याच हातून होऊ शकतं. समितीची रीत तुला माहीत आहे. चहाचं पातेलं घ्यायचं तरी सभा भरते. रॅमसाठीही समाजमंदिरात सभा भरली. रुपा शिकवायला गेली होती. तिची वाट पाहायला हवी होती, पण मीच उठलो. घसा फाटका असतानाही बोललो. गाव बुडालं तेव्हा आम्हाला कमी दिलं, पुनर्वसनाच्या प्लॉटमध्ये कमी दिलं, आणि आता आपणच आपल्याला सोळा का म्हणून द्यायचं? बत्तीस घ्या! टाळ्या पडल्या. ठराव एकमतानं मंजूर. मोतीलाल भंडाऱ्याला जाऊन बत्तीसची पट्टी घेऊन आला. ती निघाली टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरची, वीतभर लांब. लॅपटॉपच्या खाचेपुढे ती म्हणजे मासेमारीच्या डोंग्यात ट्रॅक्टर चढवण्यासारखं.

मोतीलाल हार मानणारा नाही. परत जाऊन आखूड पट्टी बदलून आणली. लांबी बरोबर, पण तिची मधली खाच जराशी बाजूला. "थोडा जोर लावू का?" म्हणून तो अंगठा टेकवणार, तेवढ्यात रुपा आली आणि ओरडली, "मोतीकाका, डोंगा हाये का तो ढकलाले?" तिनं आधीची पट्टी हळूच काढली आणि तिच्यावरचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं. डीडीआर-फोर. आम्ही आणलेली होती डीडीआर-थ्री, मागच्या पिढीची. मग कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचा नंबर घालून तिनं दाखवलं की पट्ट्या बसवायच्या खाचा दोन आहेत आणि एकेकीत जास्तीत जास्त आठ चालतात. बत्तीसची पट्टी योग्य मापाची असती तरी लॅपटॉपनं ती घेतली नसती. आयुष्यभर मी जास्त मागायला शिकवलं, पोरी. या यंत्रापुढे भाषण चालत नाही. त्याला जे बसतं तेच बसतं.

आठाच्या दोन सारख्या पट्ट्या रुपानं मागवल्या. परवा त्या टक्कन बसल्या आणि लॅपटॉप पळायला लागला. रात्रभर त्यानं माझी भाषणं पचवली. सकाळी मोतीलाल, आई, रुपा, सगळे भोवती. मी तुझ्या आईसाठी टाइप केलं, "मंदा, चहा दे." आणि लॅपटॉप गरजला. मोर्चात गरजायचो तसाच. चहा मागितला की सरकारला अखेरचा इशारा दिला, कळेना. मोतीलाल पोट धरून हसला. तुझी आई हसली नाही. म्हणाली, "हा त सभेतला माणूस हाये. घरातला कुठी गेला?" आणि आत निघून गेली.

तेव्हापासून मी तोच विचार करतो आहे. तीस वर्षांच्या कॅसेटी आहेत आणि त्यात मी एकदाही हळू बोललेलो नाही. घरात ज्या आवाजात बोलायचो तो कोणी रेकॉर्डच केला नाही. मीही नाही. रुपा म्हणाली, आता साधं बोला, मी रेकॉर्ड करते. बसलो. माइक समोर आला तसा पाठीचा कणा ताठ झाला आणि पहिल्याच वाक्याला "बंधू-भगिनींनो" निघालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आता दमलो गं. बोलून नाही, त्या आवाजानं दमलो.

तर हे पत्र रॅमसाठी नाही. तू वसतिगृहात होतीस तेव्हा मला टाइप करता येत नव्हतं, म्हणून मी फोनवर आवाज भरून पाठवायचो. जेवलीस का, थंडी आहे का, आईनं बसमध्ये डबा दिलाय तो उतरवून घे. माझ्याकडे त्यातलं काही उरलं नाही. तुझ्या जुन्या फोनमध्ये कुठे राहिलं असेल तर शोध, रुपा तेच कॉम्प्युटरला ऐकवेल. आणि काहीच नसेल, तर ऑपरेशनच्या आधी चार दिवस सुटी काढून ये. माइक नको. तुझा फोन रेकॉर्डिंगला लावून उशीपाशी ठेव आणि माझ्यासमोर बस. तुझ्यासमोर मला भाषण कधीच जमलं नाही. तुझ्या आईला पुढची वर्षं ज्याच्याबरोबर काढायची आहेत, तो आवाज मला फक्त तू असलीस की काढता येतो.

तुझाच, अजून थोडा बोलणारा,
बाबा