पोस्टमनचे पाय आणि फवारणीचा पंप

मार्टिनडेल, आयोवा
जूनचा दुसरा रविवार

प्रिय वर्नाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे लोवेलचा, तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की जिना उतरताना तो कुरकुरतो आणि चढताना गप्प असतो. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, मग त्यांना फक्त चढत जायला सांगा. (डॉक्टर तरुण आहेत. विनोद केला की औषध द्यावं लागत नाही, असा त्यांचा समज आहे.) भावोजींचं बियाण्याचं दुकान कसं चाललंय? मिनेसोटात पाऊस झाला का? माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. भूक लागते, झोप येते, रक्तदाब सज्जनासारखा वागतो. फक्त अब्रू तेवढी गेली आहे. ती कशी गेली हे तुला चर्चमधल्या बायकांच्या फोनवरून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून रविवारची डुलकी सोडून लिहायला बसलो आहे.

दर जूनमध्ये आमच्या गावातल्या उद्यान मंडळाच्या बायका हॅट घालून गल्ल्यांमधून फिरतात आणि जिथली हिरवळ सगळ्यात देखणी, त्या गल्लीच्या कोपऱ्यावर वर्षभरासाठी एक हिरवी पाटी रोवतात, हे तुला माहीत आहे. आमच्या वॉलनट स्ट्रीटला ती पाटी आजवर मिळालेली नाही. कारण एकच, डॅन्डेलियन. एकाने आपल्या अंगणातलं हे पिवळं तण मारावं, तर शेजाऱ्याच्या अंगणातून म्हातारीच्या कापसासारखं बी उडत येतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून या वर्षी गस केपलरच्या ओसरीवर बैठक झाली. (गस म्हणजे आमच्या समोरचा निवृत्त खाटीक. तो कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू येतं.) ठरलं असं की सगळ्या गल्लीत एकच औषध, एकच पंप आणि मारणारा माणूसही एकच. माणूस कोण, तर मी. या गल्लीतलं प्रत्येक अंगण मला पाठ आहे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ते खोटं नाही. तीस-एक वर्षं मी इथे डाक वाटली, आणि आमच्याकडे पेट्या रस्त्यावर नसून दाराशी, ओसरीच्या खांबाला असतात. त्यामुळे मी एका हिरवळीवरून दुसऱ्या हिरवळीवर असाच तिरका चालत आलो आहे.

ताई, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून माझी कुणी वाट बघत नाही. पूर्वी मी कोपऱ्यावर दिसलो की खिडक्यांचे पडदे हलायचे. आता नवा पोस्टमन येतो आणि पडदे त्याच्यासाठी हलतात. माझी जेनीन जिवंत होती तोवर घरचा तरी एक पडदा हलायचा. अशा माणसाला अख्ख्या गल्लीने पुन्हा आपापल्या अंगणात बोलावलं, तर तो जीव ओतूनच काम करणार. मी मनाशी पक्कं केलं की यंदा पाटी आणायचीच, आणि लोकांनी म्हणायचं की ही लोवेलने आणली.

पंप मी नवा घेतला, पाठीवर अडकवायचा. डाव्या हाताने दांडा हलवायचा, उजव्या हातातल्या नळीचा खटका दाबायचा, की नोझलमधून फवारा पंख्यासारखा पसरतो. आता या कामातली मेख अशी की पंप विकत घेतला म्हणजे झालं असं नसतं, त्याचं माप बसवावं लागतं. डब्यावर लिहिलेलं असतं की अमुक इतक्या जागेला तमुक इतकं औषध. पण तेवढ्या जागेवर आपला पंप पाणी किती सोडतो, हे डबा सांगत नाही. ते माणसाच्या चालीवर असतं. सावकाश चाललं तर जास्त पडतं, भराभर गेलं तर कमी. आमचं औषध तर खत मिसळलेलं होतं, म्हणजे कमी पडलं तर तण हसतं आणि जास्त पडलं तर गवत जळतं. मी भावोजींना फोन केला तेव्हा ते म्हणाले, माप गवतावरच घे, आणि फवारताना जसा चालशील तसाच चाल. मी मनात म्हटलं, चालण्याबद्दल पोस्टमनला बियाणेवाल्याने शिकवायचं म्हणजे कमाल झाली. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.)

मी माप घेतलं चर्चमागच्या सिमेंटच्या आवारात. तिथे ओल स्पष्ट दिसते, कुठे सुटलं ते कळतं. खडूने चौकोन आखला, टाकीत खुणेपर्यंत साधं पाणी भरलं, चौकोन फवारून काढला आणि मग पुन्हा खुणेपर्यंत यायला किती पाणी लागतं ते मोजलं. मोजायला भांडं हवं होतं, ते दिलं अर्लीन टोबायसने. (अर्लीन म्हणजे कोपऱ्यावरच्या निळ्या घरातली. नवरा गेल्यापासून एकटीच असते, शाळेच्या ग्रंथालयात होती. तू तिला एकदा चर्चच्या जेवणात भेटली आहेस, रुबार्बची आंबटगोड पाई तिने आणली होती आणि तू दोनदा घेतली होतीस.) भांडं घेऊन ती स्वतःच आली आणि चौकोनाच्या कडेला उभी राहून बघू लागली. मग काय, मी छाती पुढे काढून, गुडघे उचलून, चार जुलैच्या संचलनात चालतात तसा चाललो. तीन वेळा फवारलं आणि तिन्ही वेळा पाणी भांड्यातल्या त्याच रेघेला टेकलं. अर्लीन म्हणाली, "लोवेल, तू माणूस आहेस की घड्याळ?" मी त्या रात्री घड्याळासारखाच समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी वारा पडलेला होता, आभाळ कोरडं होतं. सगळ्यांना पोरं आणि कुत्री आत ठेवायला सांगितली, अंगणाअंगणांत सूचनेच्या झेंड्या खोवल्या, हातमोजे-बूट चढवले आणि निघालो. इथवर माझ्याकडून तसूभरही चूक झालेली नाही, हे तू लक्षात घे. पुढे जे झालं ते पायांनी केलं. पाठीवर वजन आलं, खांद्यावर पट्टा आवळला, पायाखाली ओळखीचं गवत आलं, आणि पायांना वाटलं की नोकरी परत लागली. प्रत्येक ओसरीशी ते आपसूक मंदावले. ओसरीवर माणूस असेल तर मान वळली, हवापाण्याची चौकशी झाली, कुणाच्या सुनेचं बाळंतपण कुठवर आलं ते कळलं. तोंड बोलत होतं, डावा हात दांडा हलवत होता आणि उजव्या हाताने खटका काही सोडला नव्हता. संध्याकाळी गल्ली संपली तेव्हा औषध माझ्या हिशेबापेक्षा बरंच जास्त लागलेलं होतं. मी त्याचं खापर हवेतल्या उष्म्यावर फोडलं.

आठवड्याभरात डॅन्डेलियन माना टाकून पडली. गस मला मिठी मारायला आला, इतकी ती सुरेख मेली होती. आणखी दोन दिवसांनी तोच गस मला हाताला धरून रस्त्याच्या मधोमध घेऊन गेला आणि म्हणाला, "बघ बाबा, तुझी डाक आली." प्रत्येक घरासमोर, बरोबर ओसरीच्या पायरीपाशी, गवत करपून तपकिरी झालं होतं. कुठे बशीएवढं, कुठे परातीएवढं. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत मात्र नजर ठरणार नाही अशी हिरवळ. मी म्हटलं, नोझल गळकं निघालं असेल. गस म्हणाला, "गळकं आहे खरं. पण ते फक्त लोकांच्या दाराशीच कसं गळतं?"

मला वाटलं होतं लोक चिडतील. कुणी चिडलं नाही, त्याहून वाईट झालं. लोक आपापले डाग मोजायला लागले. कुणाच्या दारात लोवेल किती थांबायचा, हे आता गवतावर उमटलेलं होतं आणि परातवाले बशीवाल्यांकडे कीव आल्यासारखे बघत होते. गसचा डाग चांगला मोठा निघाला, तर तो येणाऱ्याजाणाऱ्याला धरून दाखवू लागला. गल्लीत रागावलं एकच माणूस, श्रीमती हूकस्ट्रा. त्यांच्या अंगणात डागच नव्हता. उलट डॅन्डेलियन फुलून आलेली होती. कारण त्यांचा मफिन. (दिसायला लोकरीचा गुंडा, पण माझ्या पोटरीवर अजून त्याच्या आजोबांची सही आहे.) फवारणीच्या दिवशी तो खिडकीआडून भुंकत होता आणि माझे पाय त्या अंगणातून सवयीने सुसाट निघाले होते. बाई माझ्या दारात येऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत माझ्या दाराशी तुला एकदाही थांबावंसं वाटलं नाही?" दुसऱ्या दिवशी गेलो, त्यांच्याकडे कॉफी घेतली, मफिनला बिस्किट दिलं. त्याने बिस्किट खाल्लं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पोटरी मिळाली असती तर बरं झालं असतं.

आणि सगळ्यात मोठा डाग अर्लीनच्या दारात. जेवणाच्या टेबलाएवढा. त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही. तिथे उतार आहे, पाणी साचतं.

मंडळाच्या बायका ठरलेल्या दिवशी आल्या. प्रत्येक डागापाशी थांबल्या, मान डोलावली, पुढे गेल्या. अर्लीनच्या अंगणाशी पोचल्यावर त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी गसला विचारलं, हे काय आहे. गसने आपल्या नेहमीच्या कुजबुजीत उत्तर दिलं, "इथे आमचा पोस्टमन विसरला की पत्र टाकून झाल्यावर निघायचं असतं." साऱ्या गल्लीने ऐकलं. मी माझ्या खिडकीच्या पडद्याआड उभा होतो, मीही ऐकलं. बायका हसल्या, हॅट सावरत निघून गेल्या आणि पाटी गेली एल्म स्ट्रीटला. मला फार वाईट वाटायला हवं होतं. पण गंमत बघ, त्या दिवसापासून मी बाहेर पडलो की पडदे हलतात. कुणी हाक मारून विचारतं, डाग भरून येतोय का बघून जा. कुणी म्हणतं, उभ्या उभ्या नको, बस. पंप धुऊन गॅरेजमध्ये टांगला आहे आणि मला दिवसभर फुरसत म्हणून मिळत नाही. मी मजेत आहे, ताई. काळजी करू नकोस.

गुडघ्याला जप. भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
लोवेल

ता. क. भावोजींना सांगून हिरवळीचं चांगलं बी पाठव, डाग भरण्यापुरतं. अर्लीनचं अंगण सोडून बाकीच्यांचा अंदाज धरला तर मध्यम पिशवी पुरेल.

ता. क. २. अर्लीनचं का सोडलं, असं तू विचारशीलच. मी तिच्याकडे माफी मागायला गेलो होतो. तिने त्या जळक्या जागेवर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. म्हणाली, इथे आता काही उगवत नाही, तर बसायला तरी होऊ दे. आम्ही रोज संध्याकाळी तिथेच बसतो. वर उताराचं जे लिहिलं आहे ते खरं नाही, तिथे उतार नाही. परवा ती म्हणाली, "मी ओसरीवरून बघत होते की. तू बोलत होतास आणि तुझा खटका दाबलेलाच होता." मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तू पुढच्या घरी गेला असतास."

ता. क. ३. आईची अंगठी तुझ्याकडे आहे. जेनीनची तिच्याबरोबर गेली, आणि तशीच जावी असं मलाही वाटत होतं. जेनीन तुझी किती लाडकी होती हे मी विसरलेलो नाही. माझीही होती, अजून आहे. तुला वाईट वाटणार असेल तर तसं सरळ लिही, मी समजून घेईन. नसेल वाटणार, तर अंगठी बियाण्याच्या पिशवीत मधोमध खुपसून पाठव, डबीत घालून नको. अंगठीची डबी वरून चाचपली की पोस्टात लगेच ओळखू येते, मी स्वतः कितीतरी ओळखल्या आहेत, आणि अर्लीनला अजून मी काही विचारलेलं नाही. भावोजी म्हणतील, जूनमध्ये कुणी बी पेरतं का, त्याला सांग सप्टेंबरपर्यंत दम धर. त्यांचं बरोबर आहे. बी सप्टेंबरपर्यंत राहील पिशवीत. पिशवी मात्र उद्याच्या उद्या टाक.