चपला घालतोस ना?

हुबळी, ९ मार्च १९९८

तीर्थरूप अनुसयाअक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा, धोंडूचा, वाकून नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे. निपाणीला दाजींचा खोकला थांबला का? आता आधी गोड बातमी घे. पल्लवीचं लग्न ठरलं! मुलगा बेळगावचा, बँकेत आहे, माणसं साधी वाटली. तिथी वैशाखातली. शालिनी म्हणते, शेवया अक्काच करून आणणार, दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. तेव्हा तयारीला लाग.

माझ्या साखरेचं विचारलंस. काय सांगू, मी पार गोंधळून गेलोय. आमच्या डॉक्टरांनी दवाखान्यात एक मुलगी ठेवलीय. भाग्यलक्ष्मी नाव, धारवाडची, मानसशास्त्र शिकलेली. तिचं काम काय, तर साखरवाल्यांना चालायला लावायचं! मला वाटलं, ही पण झाडणार. डॉक्टर कित्येक वर्षं झाडतायत, शालिनी ताट वाढताना झाडते, तू पत्रातून झाडतेस, आणि मी ढिम्म. दुर्गदबैलात दुकानाच्या गादीवर बसून समोरचा चहासुद्धा हाक मारून मागवणारा माणूस मी. मला कोण हलवणार?

पण ही रागवतच नाही गं! गोड आवाजात विचारते, "काका, रोज चालणं जमेल असं दहापैकी किती वाटतं?" मी म्हटलं, चार. तर म्हणते कशी, "मूर याक अल्ला?" म्हणजे तीन का नाही! अगं, माझा जन्म गेला कापड विकण्यात. आपण चार म्हटलं की गिऱ्हाईक तीन म्हणणारच. मी सवयीनं पेटलो. म्हटलं, तीन कसं काय बाई? पाय धडधाकट आहेत, दुकान उघडायच्या आधी वेळ असतो, देवीचं देऊळ घरापासून चालण्यासारखं आहे. ती आपली मान हलवतेय. बाहेर येऊन चपला घालताना ध्यानात आलं, चालायला पाहिजे हे मीच तिला पटवून देत होतो. मला गंडवलं की शहाणं केलं, अजून कळलेलं नाही.

मग पुढच्या खेपेला तिनं विचारलं, चालायचं कशासाठी? मला एकदम तुझं लग्न आठवलं. वऱ्हाड दारात आलं, सगळे धावले, आणि नवरीचा बाप, आपले अप्पा, आत खुर्चीत, साखरेनं नेलेल्या पायावरचं धोतर सारखं करत बसलेले. काकाच सामोरे गेले की नाही! मी म्हटलं, पल्लवीच्या लग्नात व्याह्यांना मला माझ्या पायांनी सामोरं जायचंय. ती म्हणाली, हेच धरून चाला.

मी धरलं. देवीला नवसच बोललो की, पल्लवीचं जमू दे, लग्न लागेपर्यंत रोज अनवाणी तुझ्या पायरीशी येईन. देशपांडे नगर ते दाजीबान पेठ, कोप्पीकर रोडवरून. आणि महिन्याच्या आत स्थळ आलं बघ! साखरही उतरली. भाग्यलक्ष्मीनं टाळ्या वाजवल्या, इतर पेशंटांना माझं उदाहरण सांगते म्हणे. या वयात शाळेतल्यासारखं वाटतं.

दाजींना नमस्कार. शेवयांचं कळव.

तुझा
धोंडू


हुबळी, २० एप्रिल १९९८

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. तुझं कार्ड कधीच मिळालं. शेवया नाहीत, लग्न नाही, दाजींचा खोकला नाही, नुसती एक ओळ, "चपला घालतोस ना?" तेव्हापासून खिशात घालून हिंडतोय.

कार्यालय ठरलं. पल्लवीचा शालू घेतला, मोरपंखी. पत्रिका छापून आल्या, तुझी वेगळी पाठवतोय. व्याह्यांचं परवा पत्र आलं, त्यांची काही मागणी नाही. इकडे ऊन मात्र मी म्हणतंय.

अक्का, चपला घालत नाही. नवस अनवाणीचा आहे ना!

आणि मागच्या पंधरवड्यात एक दिवस मुंबईचा माल उतरवण्यात सकाळ गेली, म्हणून मी भर दुपारी निघालो. डांबर नुसतं वितळत होतं. देवळापुढं चपला काढून आलेली माणसं उड्या मारत पायरी गाठत होती. एक बाई तर "अय्यय्यो" करत सावलीला पळाली. मी आपला सावकाश चालत गेलो. चटका नाही, काही नाही. देवीपुढं उभा राहिलो आणि घळाघळा रडलो गं. वाटलं, काय ही आईची कृपा! माझ्या पायाखाली तिनं हात धरला.

घरी येऊन पाय धुतले तर तळव्याला हाताएवढा फोड.

फुटला तो. हळद भरतो, चिंधी बांधतो, वर मोजा. दुखत नाही, म्हणून तसाच जात राहिलो. आता करंगळीकडं काळं पडलंय. काल दुपारी शालिनी म्हणाली, खोलीत उंदीर मेलाय का हो? पलंगाखाली वाकून वाकून शोधत होती बिचारी. मी पाय पांघरुणात ओढून घेतला. अप्पांचा पाय तू धुवायचीस. तो वास तुला माहीत आहे. मलाही आठवला.

तू म्हणशील, त्या पोरीला का नाही दाखवलंस? त्याचाच तर गोंधळ आहे. अनवाणी जातो हे तिला मी बोललोच नाही. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण ती आपली कौतुक करते. गेल्या आठवड्यात म्हणाली, "काका, तुम्ही करून दाखवलंत!" मी खुर्चीखाली पाय मागं घेतला आणि हसलो. डॉक्टर झाडायचे तेव्हा मी सरळ खोटं बोलायचो, मला त्याचं काही वाटत नव्हतं. हिच्यासमोर वाटतं. पहिल्यांदा कुणीतरी मला न रागवता शहाणा म्हणालंय, ते कसं घालवू?

आणि नवस मोडू कसा? चपला घातल्या आणि पल्लवीचं काही वाकडं झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? नाही घातल्या तर तिच्या लग्नात खुर्ची माझी. सकाळी देवीला विचारलं. पायाला चटका कळला नाही, ही तुझी कृपा की माझा रोग, तेही विचारलं. मला काहीच समजेना. मग खिशातलं तुझं कार्ड काढून वाचलं.

पत्र पेटीत टाकतो आणि रिक्षानं तसाच दवाखान्यात जातो. शालिनीला आता सांगतो, ती रडेल. भाग्यलक्ष्मी रागवायची नाही, हळूच विचारेल, काका, दहापैकी किती भीती वाटते? ते मला सोसणार नाही. म्हणून तू ये. शेवया राहू देत. मिळेल त्या गाडीनं ये आणि मला रागव, अप्पांना रागवायचीस तशी, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी. मला भीती वाटते गं अक्का.

तुझा, आत्ताच चपला घातलेला,
धोंडू